टूम्ब रेडर : पहिला खेळ नक्की कोणता, आणि त्यानंतर कोणता?

रामबागकर

माझी भाची यंदा नववीत गेली आहे. मे महिन्यात ती आमच्याकडे इंदूरला राहायला येणार असून, या सुटीत टूम्ब रेडर या व्हिडिओ गेमची मालिका पहिल्यापासून खेळायची असे तिने ठरवले आहे. परवा फोनवर तिने विचारले, "मामा, पहिला म्हणजे कोणता?" मी सांगायला गेलो आणि मध्येच थांबलो, कारण या मालिकेची सुरुवात एकदा नव्हे, तीनदा झाली आहे आणि तिन्ही सुरुवाती आपापल्या जागी खऱ्या आहेत.

ज्यांना हा इतिहास ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडमधील डर्बी शहरातल्या कोअर डिझाइन या कंपनीने १९९६ साली पहिला खेळ काढला. पुढे २००० सालापर्यंत दरवर्षी एक असे आणखी चार खेळ आले. २००३ साली आलेल्या 'द एंजल ऑफ डार्कनेस'नंतर ही मालिका कोअरकडून काढून कॅलिफोर्नियातील क्रिस्टल डायनॅमिक्सकडे सोपवण्यात आली. क्रिस्टलने २००६ च्या 'लेजंड'मध्ये मालिकेची साहसी नायिका लारा क्रॉफ्ट हिचा पूर्वेतिहास नव्याने रचला, २००७ साली 'अॅनिव्हर्सरी' या नावाने १९९६ चाच खेळ पुन्हा बांधला आणि २००८ च्या 'अंडरवर्ल्ड'मध्ये ती कथा पूर्ण केली. त्यानंतर २०१३ साली त्याच कंपनीने पाटी पुन्हा कोरी करून, नुसत्या 'टूम्ब रेडर' या नावाने तिसरी सुरुवात केली. तिचा पुढचा भाग 'राइज' २०१५ साली आला आणि मुख्यतः आयडॉस माँट्रिअलने केलेला 'शॅडो' २०१८ साली आला.

या तीन लारा खरोखरच वेगळ्या आहेत. मूळ खेळासोबतच्या पुस्तिकेतली लारा एकविसाव्या वर्षी हिमालयात झालेल्या विमान अपघातातून एकटीच वाचते आणि साहसाचे वेड लागल्यामुळे घराला दुरावते. 'लेजंड'ने तोच हिमालय आणि तोच अपघात घेतला, पण तेव्हा लारा नऊ वर्षांची असते, सोबत आई असते, आणि आई तिच्या डोळ्यांदेखत नाहीशी होते. २०१३ च्या लाराच्या वाट्याला हिमालय येतच नाही, तिचे जहाज जपानजवळच्या यामाताई बेटावर फुटते. जिचे आईवडील बदलतात आणि जिच्या घर सोडण्याचे कारण बदलते, ती व्यक्ती तीच राहत नाही, असे मला वाटते.

माझे स्वतःचे मत असे की प्रकाशनाच्या क्रमानेच खेळावे, म्हणजे १९९६ पासून. मी पहिला भाग १९९८ साली राजवाड्यामागच्या एका गल्लीत खेळलो. तिथे संगणकाचे वर्ग चालत आणि शेवटची तुकडी सुटली की आम्हा तिघा मित्रांना एक यंत्र तासाच्या हिशेबाने मिळत असे. त्या खेळाचे सगळे जग सारख्या चौकोनी ठोकळ्यांनी बांधलेले आहे. पळत मारलेली उडी दोन ठोकळे ओलांडते, आणि पलीकडची कड हातांनी पकडली तर तीन. उडीपूर्वी चालण्याचे बटण दाबून अगदी कडेपर्यंत यायचे (ते बटण दाबलेले असले की लारा पडत नाही), तिथून एक उडी मागे घ्यायची आणि मग धावायचे, म्हणजे पाऊल नेमके कडेवर पडते. आम्ही गणिताच्या चौकटीच्या वहीत खोल्यांचे नकाशे काढत होतो. त्या खेळाने मला अंतर नजरेने मोजायला शिकवले, आणि नंतरच्या कोणत्याही भागाने हे शिकवले नाही.

तरीही भाचीचा निर्णय माझ्या आठवणींवर ठरू नये, म्हणून हा धागा काढला आहे. ज्यांनी किमान दोन सुरुवाती खेळल्या आहेत त्यांनी कारणांसह क्रम सुचवावा. कथेची गुपिते सांगायची असतील तर आधी तशी सूचना द्यावी.

लोकमान्यनगरची

रामबागकरकाका, तुमच्याविषयी पूर्ण आदर ठेवून मी उलट मत मांडते. मी २०१३ च्या खेळापासून सुरुवात केली, आणि त्याआधीचे काहीही ठाऊक नसल्यामुळे माझे कुठे अडले नाही. तो खेळ बांधलाच आहे नव्या माणसासाठी. तिथली लारा एकवीस वर्षांची आहे, तिची ही पहिलीच मोहीम आहे, आणि तिला जे येत नाही ते आपल्यालाही येत नाही. झाडाला लटकलेल्या एका प्रेताजवळचे धनुष्य ती काढून घेते, भुकेपोटी हरीण मारते आणि त्याची क्षमा मागते. जंगलात पहिल्यांदा माणसावर गोळी झाडावी लागते तेव्हा तिचे हात थरथरत असतात. लारा क्रॉफ्ट ही लारा क्रॉफ्ट कशी झाली, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याला ती आधीच तरबेज असलेल्या १९९६ मध्ये का पाठवायचे?

दुसरे कारण हाताळणीचे आहे. जुन्या खेळात लारा रणगाड्यासारखी जागच्या जागी वळते आणि मग पुढे जाते. तुम्ही शाळकरी वयात ते शिकलात कारण तेव्हा दुसरे काही नव्हते. आजच्या मुलीचा हात दोन काठ्यांच्या कंट्रोलरवर बसलेला असतो. २०२४ साली आलेल्या पहिल्या तीन भागांच्या रीमास्टरमध्ये, म्हणजे नव्या चित्रणाने पुन्हा काढलेल्या आवृत्तीत, आधुनिक हाताळणीचा पर्याय आहे हे मला माहीत आहे. मी तो वापरूनही पाहिला. पण खोल्या जुन्या मापाच्या आणि चाल नवी, त्यामुळे उड्यांचा अंदाज सतत चुकतो. पहिल्याच गुहेत चार वेळा पडल्यावर मुलगी कंट्रोलर ठेवून देईल, आणि मग 'शॅडो'मधले पाइतिती हे जिवंत नगर तिला कधीच पाहायला मिळणार नाही. माझ्या मते २०१३, 'राइज', 'शॅडो' हा क्रम ठेवावा आणि मग हौस उरली तर मागे जावे.

महूकर

दोघांनीही मधल्या त्रयीला ओझरता स्पर्श करून सोडून दिले, आणि खरा वाद तर तिथेच आहे. पहिल्या पाच-सहा खेळांत कथा सलग नाही. चौथ्या भागाच्या, 'द लास्ट रेव्हलेशन'च्या, शेवटी लारा पिरॅमिडखाली गाडली जाते आणि पाचव्या भागात, 'क्रॉनिकल्स'मध्ये, तिचे स्नेही तिच्या आठवणी सांगतात, एवढा धागा वगळला तर ते भाग कसेही खेळले तरी चालतात. (तिसरा भाग आपल्याकडच्या जंगलात सुरू होतो आणि चार चाकांच्या गाडीवरून गंगेच्या काठाने जातो, म्हणून माझा एक मित्र तोच आधी खेळला. त्याचे काही बिघडले नाही.) 'लेजंड', 'अॅनिव्हर्सरी' आणि 'अंडरवर्ल्ड' यांचा क्रम मात्र बदलला तर अनुभवच बदलतो.

प्रश्न असा आहे की 'अॅनिव्हर्सरी'च्या घटना 'लेजंड'च्या आधी घडतात, पण खेळ नंतर आला. कालक्रम मानणारे 'अॅनिव्हर्सरी' आधी खेळा म्हणतात. मी चारदा ही त्रयी खेळलो आहे, त्यांतून दोनदा कालक्रमाने, आणि माझे ठाम मत प्रकाशनाच्या क्रमाकडे आहे. इथून पुढे तिन्ही खेळांची गुपिते येतील.

'लेजंड' आईच्या शोधाने सुरू होते आणि उत्तर हाती येता येता निसटून संपते. आई अॅव्हलॉन या दंतकथेतल्या ठिकाणी गेली एवढेच कळते, अॅव्हलॉन कुठे आहे ते कळत नाही. ती हुरहूर मनात असताना 'अॅनिव्हर्सरी' सुरू केले की खेळणाऱ्याला वाटते, हा जुना खेळ मध्येच का आला? कलकत्त्याच्या हॉटेलात लार्सन हा भाडोत्री माणूस लाराला गाठतो, त्याची मालकीण जॅकलीन नॅटला तिला एक काम देते, पेरू, ग्रीस, इजिप्त असा प्रवास होतो, आणि या सगळ्यात आईचा उल्लेखही केंद्रस्थानी नसतो. मग 'अंडरवर्ल्ड'मध्ये भूमध्य समुद्रात लाराची जुनी मैत्रीण आणि आताची शत्रू अमांडा हिच्या जहाजावर काचेच्या कोठडीत नॅटला दिसते, आणि अॅव्हलॉनचा रस्ता तिलाच ठाऊक आहे हे कळते. दोन वेगळ्या वाटलेल्या कथा त्या क्षणी एक होतात. 'अॅनिव्हर्सरी' आधी खेळली तर मध्ये अख्खा 'लेजंड' जातो आणि तोवर नॅटला पुसट झालेली असते. 'अॅनिव्हर्सरी' गाळली तर तो नुसताच कोणीतरी अनोळखी चेहरा ठरतो.

'लेजंड' गाळण्याचा सल्लाही काही जण देतात, तो तर मुळीच ऐकू नये. 'अंडरवर्ल्ड' उघडतो तेव्हा लाराचा वाडा जळत असतो आणि झिप तिच्यावरच बंदूक रोखून गोळी झाडतो. 'लेजंड'भर ज्याचा आवाज आपल्या कानात सोबतीला होता तो झिप हाच, हे ठाऊक असेल तरच त्या गोळीचा अर्थ लागतो. पुढे अॅलिस्टर या तिच्या दुसऱ्या साथीदाराचे जे होते त्याचेही तसेच.

आणखी एक गोष्ट. लोकमान्यनगरच्या ताईंनी २०१३ मधल्या पहिल्या माणसाच्या मृत्यूचा उल्लेख केला. 'अॅनिव्हर्सरी'तही तो प्रसंग आहे. लार्सनला मारल्यावर लारा आपल्या हातांकडे पाहते. १९९६ च्या खेळात याला काहीही महत्त्व नव्हते, क्रिस्टलने २००७ साली ते जाणून घातले. 'लेजंड'मध्ये तिने शेकडो भाडोत्री सैनिक बेफिकीरपणे मारलेले आपण आधी पाहिलेले असते, आणि मग ही तिची पहिली वेळ समोर येते. पुढे ती काय होणार हे ठाऊक असल्यामुळे ते दृश्य मनाला लागते.

लोकमान्यनगरची

महूकरदादा, नेमक्या याच प्रसंगावरून मी उलटा निष्कर्ष काढते. रक्ताने माखलेले हात आधी दिसले, तर 'लेजंड'मधली तिची सहजता पाहताना प्रत्येक वेळी तो क्षण आठवेल आणि ती कठोर झाली आहे हे जाणवेल. तुमच्या क्रमात दुःख एकदाच होते, कालक्रमात ते पुढच्या दोन्ही खेळांना पुरते. नॅटला पुसट होते हा तुमचा मुद्दा मात्र मला मान्य करावा लागेल, कारण माझेही तसेच झाले होते. 'अंडरवर्ल्ड'मध्ये तिला ओळखायला मला मिनिटभर लागले.

महूकर

ताई, मिनिटभर लागले हीच माझी तक्रार आहे. तो मिनिट त्या त्रयीचा सर्वांत मोलाचा मिनिट आहे. शिवाय कठीणपणाचाही विचार करा. 'लेजंड' लहान आहे, हात धरून शिकवतो, पकड निसटली तर वेळेवर बटण दाबून सावरता येते. 'अॅनिव्हर्सरी' त्याच पायावर बांधलेला असूनही लांब आणि कडक आहे, दोरीचा आकडा अडकवून भिंतीवरून धावण्याच्या कसरती तर अजून माझा घाम काढतात. आधी सोपा, मग अवघड हा क्रम प्रकाशनानेच आपोआप लावून दिला आहे.

नौलखा

सगळ्यांची मते वाचली. मी स्वतः खेळणारी कमी आणि मुलांना खेळताना पाहणारी जास्त, म्हणून एक मुद्दा मांडते जो अजून कुणीच काढला नाही. मुलगी नववीत आहे, म्हणजे चौदा वर्षांची. अमेरिकेतील ईएसआरबी या संस्थेने २०१३, 'राइज' आणि 'शॅडो' हे तिन्ही खेळ सतरा वर्षांवरील वयासाठी ठरवले आहेत. 'लेजंड', 'अॅनिव्हर्सरी', 'अंडरवर्ल्ड' आणि मूळ खेळ मात्र तेरा वर्षांवरील मुलांसाठी आहेत. हा फरक केवळ कागदावरचा नाही. २०१३ मध्ये नदीच्या प्रवाहात उडी चुकली की लाराच्या गळ्यात लोखंडी सळई घुसते आणि कॅमेरा तिथेच थांबून राहतो. माझ्या मोठ्या मुलाने तो खेळ कॉलेजात गेल्यावर खेळला, तेव्हाही मी खोलीतून उठून गेले होते. यामाताई बेट कुठे पळून जात नाही. ती आणखी तीन-चार वर्षांनी ते खेळेल आणि तेव्हा तिला ते जास्त कळेल.

खेळिया

नौलखाताईंचा मुद्दा पटला, पण क्रमाचा वाद वयावर मिटत नाही म्हणून लिहितो. हल्ली बनवणाऱ्यांचाच कल तिन्ही लारा एका रेषेत जोडण्याकडे आहे. २०२४ साली नेटफ्लिक्सवर आलेली अॅनिमेशन मालिका 'शॅडो'नंतर घडते आणि त्या तरुण लाराला जुन्या, दोन पिस्तुले बाळगणाऱ्या लाराकडे नेते. 'शॅडो'च्या चकतीवरच्या मूळ शेवटात नॅटलाच्या नावाचे पत्रही होते. पहिल्याच दिवशी आलेल्या पॅचने, म्हणजे दुरुस्तीने, ते दृश्य बदलले, पण दिशा तर स्पष्ट होती. मग २०१३ ची त्रयी आधी आणि १९९६ नंतर, असा एकच अखंड कालक्रम का मानू नये?

महूकर

खेळियाभाऊ, जोडायचे म्हटले म्हणून सांधा बसत नाही. 'राइज'मधले वडील, रिचर्ड क्रॉफ्ट, संशोधनापायी बदनाम होतात आणि पुढे त्यांच्या मृत्यूमागे ट्रिनिटी ही संघटना असल्याचे कळते. मूळ पुस्तिकेतले वडील हयात असतात आणि मुलीशी संबंध तोडतात. एकाच बाईचे वडील दोन्ही कसे असतील? तिन्ही लारा एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, हे रामबागकरांनी अगदी सुरुवातीलाच बरोबर सांगितले होते. एका वेळी एकच लारा घ्यावी आणि तिची कथा पूर्ण करूनच दुसरीकडे वळावे.

रामबागकर

सर्वांचे मनापासून आभार. सहा आठवड्यांनी परत येऊन लिहितो आहे, कारण धागा काढून उत्तर अर्धवट ठेवणे बरे नव्हे.

नौलखाताईंचा प्रतिसाद वाचल्यावर २०१३ ची त्रयी आम्ही बाजूला ठेवली. भाचीला मी कारण सांगितले आणि तिने ते ऐकले. १९९६ पासून सुरुवात करण्याचा माझा आग्रह मी सोडला, कारण हाताळणीविषयी लोकमान्यनगरच्या ताईंचे म्हणणे खरे ठरले. पहिल्याच दुपारी तिला रीमास्टर दिला होता, आणि अर्ध्या तासात ती कंटाळून आंबे कापायला आजीजवळ जाऊन बसली. त्यामुळे महूकरांचा क्रम घेतला. 'लेजंड' तिने आठवड्यात संपवला. नेपाळमध्ये विमानाचे अवशेष पाहिले तेव्हा ती काही बोलली नाही, पण त्या रात्री तिने तिच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीला, फोन केला आणि बराच वेळ ठेवला नाही. 'अॅनिव्हर्सरी' सुरू केल्यावर महूकरांनी लिहिले होते अगदी तेच तिने विचारले, "मामा, हे मध्येच काय?" मी काहीही सांगितले नाही, आणि हे मला सोपे गेले नाही. मग 'अंडरवर्ल्ड'मध्ये काचेमागे नॅटला दिसली. मी स्वयंपाकघरात होतो. आतून तिची हाक आली, "ही तर ती आहे!" महूकर, तिला मिनिट लागला नाही.

लार्सनच्या प्रसंगाबाबत तुम्हा दोघांपैकी कोण बरोबर हे मी तिला विचारले. तिचे म्हणणे असे की तिला ते दृश्य आवडले नाही, कारण 'लेजंड'मध्ये तिने स्वतः किती माणसे मारली ते तिला आठवले. याचा निकाल तुम्हीच लावा.

त्यानंतर, मी न सुचवता, तिने पुन्हा रीमास्टर उघडला. 'अॅनिव्हर्सरी'तल्या खोल्या मुळात कशा होत्या ते तिला पाहायचे होते. एका बटणाने जुने आणि नवे चित्रण आलटून पालटून दिसते, तर ती प्रत्येक दालनात शिरली की आधी जुने रूप पाहते. आधुनिक हाताळणी तिने दुसऱ्या दिवशी स्वतःच बंद केली. या आठवड्यात ती ग्रीसमधल्या सेंट फ्रान्सिस फॉलीला पोहोचली. ज्यांना आठवत असेल त्यांना सांगायला नको, तो एक खोल उभा मनोरा आहे, भिंतींवर अरुंद कठडे, आणि देवादिकांच्या नावांचे चार दरवाजे. 'अॅनिव्हर्सरी'त ती नावे पोसायडन, हेफायस्टस, अॅटलस आणि डॅमोक्लीझ अशी आहेत. मुळात मात्र नेपच्यून, थॉर, अॅटलस आणि डॅमोक्लीझ आहेत. भाचीने 'अंडरवर्ल्ड'मध्ये थॉरच्या हातोड्यासाठी उत्तर ध्रुवापर्यंतचा समुद्र पालथा घातलेला असल्यामुळे तिने लगेच ओळखले. "ग्रीक देवांमध्ये थॉर कसा आला, मामा? म्हणून त्यांनी नंतर बदलला का?" मी हा खेळ सत्तावीस वर्षांपूर्वी खेळलो आणि मला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

काल रात्री जेवणे आटोपल्यावर मी तिच्या मागे उभा राहून पाहत होतो. सर्वांत वरच्या कठड्यावर लारा उभी होती आणि समोर तीन ठोकळ्यांचे अंतर होते. भाचीने सेव्ह केले. चालण्याचे बटण दाबून ती कडेपर्यंत गेली, एक उडी मागे घेतली, आणि ओठांतल्या ओठांत मोजून धावली. कड हाताला लागली. तिच्या मांडीवर चौकटीची वही होती, आणि त्यात मनोऱ्याचे मजले पेन्सिलीने आखलेले होते. वही कुणी दिली असे मी तिच्या मामीला विचारले, तर म्हणाली, तिने स्वतःच कोपऱ्यावरच्या दुकानातून आणली.

चारही चाव्या मिळाल्या आहेत. उद्या कोलोसियम.